वाचकांचे प्रश्न : खुलताबादला अख्खा दिवस द्या

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ या पट्ट्याबद्दल विचारणा सुरू होते. या वेळचे बरेचसे प्रश्न खुलताबादभोवतीच फिरताहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. ज्या डोंगराच्या कड्यात वेरूळची लेणी कोरली, त्याच डोंगराच्या माथ्यावर हे तटबंदीचं गाव आहे. जुनं नाव रौजा.

प्रश्न : आम्ही सात जण आहोत. आई-वडील सत्तरीच्या पुढचे, दोन मुलं शाळेतली. गाडी घरची आहे, दिवस एकच आहे. दौलताबाद, खुलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ आणि म्हैसमाळ असं सगळं बसेल का? (परभणी)

नाही बसणार. अंतरं फसवी आहेत, त्यामुळे बसेल असं वाटतं. छत्रपती संभाजीनगरपासून दौलताबाद १५ किलोमीटर, खुलताबाद साधारण २५, वेरूळ ३०. नकाशावर सगळं एकाच रस्त्यावर, हाताच्या अंतरावर. पण वेळ रस्त्यात जात नाही, उतरल्यावर जातो. दौलताबादचा किल्ला वरपर्यंत करायचा तर साडेतीन ते चार तास. वेरूळची ३४ लेणी आहेत; त्यातली १०, १२, १६, २९ आणि ३२ एवढीच नीट पाहिली तरी चार तास. सुट्टीत घृष्णेश्वरची रांग तास-दीड तास घेते. खुलताबादहून म्हैसमाळ १२ किलोमीटर, जाऊन-येऊन आणि वर थोडं फिरून दोन तास. खुलताबादला तीन. बेरीज चौदा-पंधरा तासांवर जाते, आणि त्यात जेवण, पार्किंग, म्हाताऱ्या माणसांचं सावकाश चालणं धरलेलंच नाही.

अशा सहलीत दर वेळी बळी जातो तो खुलताबादचा. लोक भद्रा मारुतीचं दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि गाडीत बसून वेरूळला उतरतात. म्हणून वेरूळ आणि घृष्णेश्वर पुढच्या खेपेला ठेवा, ती स्वतंत्र दिवसाची जागा आहे. म्हैसमाळ पावसाळ्यासाठी राखा. तिथली मजा धुक्यात आणि हिरवळीत आहे. तुमचा दिवस दौलताबादचा खालचा भाग आणि खुलताबाद एवढाच धरा.

परभणीहून त्याच दिवशी निघून त्याच दिवशी परत, असं करू नका. आदल्या रात्री शहरात मुक्काम करा आणि सकाळी सातला निघा. किल्ला उघडला की लगेच आत शिरायचं. आई-वडिलांसाठी महाकोट दरवाजापासून चांदमिनार, हत्ती हौद आणि भारतमाता मंदिरापर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे; तेवढं पाहून त्यांना सावलीत बसू द्या. मुलांना घेऊन एकानं खंदकापर्यंत जाऊन यावं. दोन तासांत बाहेर पडा. स्वच्छतागृह तिकीटखिडकीपाशीच उरकून घ्या, वर काही नाही.

तिथून घाट चढून साडेअकराच्या सुमारास खुलताबाद. आधी भद्रा मारुती, मग जेवण आणि थोडी विश्रांती. दर्गे आणि मकबरे तीन वाजल्यानंतर पाहा. कारण साधं आहे: सगळीकडे चप्पल बाहेर काढावी लागते आणि दुपारी फरशी तापलेली असते. दिवाळीतसुद्धा भर दुपारी पाय पोळतात. प्रत्येकाच्या पिशवीत जाड सुती मोजे असू द्या.

परतीला अंधार पडायच्या आत घाट उतरा. दौलताबादजवळ हा रस्ता जुन्या तटाच्या दिल्ली दरवाजातून जातो. एका वेळी एकच मोठं वाहन निघेल एवढीच ती कमान. रविवारी संध्याकाळी तिथं समोरासमोर बस आणि ट्रक अडकले की अर्धा-पाऊण तास कुठेच गेला नाही. साडेचारला निघालात तर वाट मोकळी मिळते.

प्रश्न : आम्हाला दुकानामुळे फक्त मंगळवार मोकळा मिळतो. मंगळवारी वेरूळ बंद असतं, हे खरं का? (जालना)

खरं. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. घृष्णेश्वर मंदिर मात्र उघडं असतं, दौलताबादचा किल्लाही आणि खुलताबादही. तुमच्यासारख्यांना मंगळवार उलट सोयीचाच आहे, कारण बाहेरगावच्या गाड्या त्या दिवशी कमी असतात. घृष्णेश्वराला पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं, आत फोटो काढता येत नाहीत. सोबत उपरणं ठेवा. खुलताबादसाठी टाळायचा वार म्हणाल तर शुक्रवारची दुपार. साडेबारा ते अडीच नमाजची गर्दी असते.

प्रश्न : गाडी नाही. दोघी बहिणी एसटीनं जाऊ शकू का? (सेलू)

आरामात. शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगाव, धुळे या बाजूच्या बसेस खुलताबादवरून जातात. शिवाय खुलताबाद-वेरूळच्या वेगळ्या गाड्या आहेत. लांब पल्ल्याची गाडी असेल तर चढण्याआधी वाहकाला "खुलताबाद गावात थांबते का?" एवढं विचारा. महिलांना एसटीत तिकीट अर्धं आहे. सोबत पंचाहत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ हवं.

काळी-पिवळी जीपही चालतात, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. सकाळी लवकर भरते, दुपारी तुम्ही तासभर आत बसून राहाल. जाताना चालेल, परतीला एसटीच बरी. खुलताबादच्या स्थानकावर उतरलात की पुढे सगळं पायी होतं. परतीच्या गाड्यांची वेळ उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा.

प्रश्न : मी सातवी-आठवीला इतिहास शिकवते. चाळीस मुलांची सहल खुलताबादला न्यायची आहे. गावात काय, कोणत्या क्रमानं दाखवावं? औरंगजेबाच्या कबरीपाशी मुलांना काय सांगावं, याचा जास्त विचार पडला आहे. (अंबाजोगाई)

तुम्ही नेताय हे फार चांगलं करताय. मराठवाड्यातल्या मुलांनी पाठ्यपुस्तकातला जो सगळ्यात मोठा संघर्ष वाचलेला असतो, त्याची दोन टोकं इथं चार किलोमीटरच्या अंतरात आहेत. डोंगराच्या पायथ्याला वेरूळ. तिथली पाटीलकी भोसल्यांची, मालोजीराजांचं घराणं तिथलं. आणि माथ्यावर, खुलताबादला, त्यांच्या नातवानं उभ्या केलेल्या राज्याशी लढता लढता संपलेल्या बादशहाची कबर. हे अंतर मुलांना पायाखाली कळू द्या.

बस नगारखाना दरवाजाच्या बाहेरच थांबवा, आत गल्ल्या अरुंद आहेत. दरवाजातून आत शिरताना मुलांना थोडं थांबवून तट दाखवा: गावाला भिंत होती, दरवाजे होते. मग शेख जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात जा. हे चिश्ती परंपरेतले सूफी, १४व्या शतकातले. औरंगजेबाची कबर याच दर्ग्याच्या आवारात, एका कोपऱ्यात आहे. वर छत नाही. मधोमध माती, मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची आहे, २०व्या शतकाच्या सुरुवातीला, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामानं बसवलेली. ताजमहाल बांधणाऱ्याच्या मुलाची कबर अशी का, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. साधी, उघडी कबर हवी ही त्याचीच इच्छा होती, आणि या सूफींच्या जवळ पुरावं हीसुद्धा.

काय सांगावं? तारखा सांगा, त्या पुरेशा आहेत. १६८१ साली तो दक्षिणेकडे निघाला. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. तरी ताराबाईंनी लढा चालूच ठेवला. १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बादशहा मेला तेव्हा मराठ्यांचं राज्य उभं होतं आणि तो पंचवीस वर्षांत दिल्लीला परत गेलेला नव्हता. आदल्या दिवशी वर्गात प्रत्येक मुलाला एका कागदावर हे चार सन लिहायला लावा आणि तिथं कागद हातात धरूनच बोला. जागा दर्ग्याची आहे, माणसं प्रार्थनेला आलेली असतात. आवाज न चढवता सांगितलेलं मुलांच्या जास्त लक्षात राहतं. इथं पोलीस बंदोबस्त असतो. शिक्षकांची ओळखपत्रं, मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी वर काढून ठेवा, म्हणजे दारात खोळंबा होत नाही.

रस्त्याच्या पलीकडे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. त्यांचं निधन १३३७ मधलं. दौलताबाद राजधानी झाली त्या काळात दिल्लीकडून दक्षिणेत आलेल्या सूफींमधले हे प्रमुख. याच आवारात हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक, पहिला निजाम-उल-मुल्क, पुरलेला आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होता त्याचा मूळ पुरुष! मुक्तिसंग्राम दिन मुलं दर १७ सप्टेंबरला साजरा करतात. त्यांना इथं दोन मिनिटं थांबवाच.

पण खरा वेळ मलिक अंबरच्या मकबऱ्याला द्या. तो गावाच्या वायव्येला, थोडा बाजूला आहे, म्हणून गाड्या तिकडे वळत नाहीत. घुमटाची भक्कम इमारत, त्यानं हयातीतच बांधून घेतलेली; मृत्यू १६२६. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. डोंगराळ मुलखात छोट्या तुकड्यांनी मोगलांना हैराण करण्याची रीत त्यानं वापरली. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. १६१० मध्ये त्यानं खडकी हे शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी आणलं ते जमिनीखालून, नुसत्या उतारावर. पंप नाही, चाक नाही. डोंगराच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी बांधीव भुयारी नळात घ्यायचं, ठरावीक अंतरावर गाळ काढायला उभी तोंडं ठेवायची आणि उतार कुठेही तुटू द्यायचा नाही. उतार तुटला की गाळ साचतो, गाळ साचला की पाणी थांबतं. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घ्या, ते हे फळ्यावर काढून दाखवतील.

उरलेल्या वेळात बनी बेगमचा बाग. मुलांना डबे खायला इथली मोकळी जागा बरी, फक्त खरकटं पिशवीत परत आणा.

शालेय सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते. मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात आधीच अर्ज करा. दिवाळीनंतर शाळांची रांग लागते आणि ऐन वेळी गाडी मिळत नाही. दौलताबादला थांबणार असाल तर पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट नाही.

प्रश्न : दौलताबादच्या अंधारीत बायका-मुलांना नेणं कितपत सुरक्षित? वडिलांचे गुडघे दुखतात. (हिंगोली)

अंधारी म्हणजे खंदकावरच्या पुलानंतरचा खडकात कोरलेला वळणावळणाचा चढता बोगदा. शत्रूला दिशा कळू नये म्हणूनच तो तसा आहे. आत घोटाळा होतो तो तीन गोष्टींमुळे. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे पाऊल चुकतं. वटवाघळांच्या विष्ठेनं जागोजागी घसरण असते. आणि मोबाइलची विजेरी एका हातात धरली की आधाराला एकच हात उरतो. डोक्याला बांधायची विजेरी दोन-तीनशे रुपयांत मिळते, ती घ्या. एकामागोमाग चाला, लहान मूल दोन मोठ्यांच्या मधे ठेवा. वासानं मळमळत असेल तर नाकाला रुमाल बांधा, दम्याच्या माणसानं मात्र जाऊ नये.

किल्ल्याच्या पायऱ्या एकूण साडेसातशेच्या आसपास. वडिलांना वरच्या बारादरीपर्यंत नेऊ नका. चढताना गुडघा तक्रार करत नाही, उतरताना करतो, आणि तेव्हा अर्ध्या वाटेवरून दुसरा रस्ता नसतो. चिनीमहालापाशी त्यांनी थांबावं. हातात खाऊची पिशवी उघडी धरू नका. माकडं पिशवी ओढतात आणि ओढाताणीत माणूस पायरीवरून जातो. अशा वेळी पिशवी सोडून द्यावी.

प्रश्न : आम्ही कधी दर्ग्यात गेलेलो नाही. तिथले नियम काय? पैसे मागतात का? (नांदेड)

चप्पल बाहेर, डोकं झाकलेलं. बायकांनी पदर किंवा ओढणी, पुरुषांनी रुमाल. मजारीच्या, म्हणजे कबरीच्या, अगदी जवळ बायकांना काही ठिकाणी जाऊ देत नाहीत. दाराशी बसलेल्या खादिमांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, विचारा, ते नीट सांगतात. उंबऱ्यावर पाय देऊ नका, मजारीकडे पाठ करून फोटो काढू नका. देणगी ऐच्छिक आहे. द्यायची तर पेटीत टाका. कुणी माहिती सांगत सोबत फिरू लागलं तर किती द्यायचे ते आधीच ठरवा, शेवटी वाद नको. इथलेच सूफी जर जरी जर बक्ष यांचा उरूस मोठा भरतो. ईद-ए-मिलादला जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात प्रेषितांचा पवित्र पोशाख वर्षातून एकदा दर्शनाला ठेवतात. हे दोन्ही चांद्र पंचांगानं येतात, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. तेव्हा श्रद्धेनं जायचं असेल तरच जा. गाव पाहायला तो दिवस नाही.

प्रश्न : हनुमान जयंतीला शहरातून भद्रा मारुतीला रात्री पायी जायचा विचार आहे. पहिलीच वेळ. (छत्रपती संभाजीनगर)

निजलेल्या मारुतीचं हे ठाणं, आणि चैत्राचा उन्हाळा, म्हणून लोक रात्रीच चालतात. २५ किलोमीटर म्हणजे ताशी चारच्या चालीनं सहा तास, थांबे धरून सात-साडेसात. रात्री नऊला निघालात तर पहाटे पोचाल. पहिले पंधरा किलोमीटर सोपे जातात आणि तिथंच चूक होते: मंडळी उत्साहात झपाझप चालतात, आणि दौलताबाद संपून घाटाचा चढ लागतो तेव्हा पोटऱ्या भरलेल्या असतात. सुरुवातीला मुद्दाम सावकाश चाला. नवे बूट घालू नका. टाचेला आणि बोटांना आधीच खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा. फोड आलाच तर फोडू नका, पट्टी लावून चालत राहा. वाटेत जागोजागी सरबत, चहा, फराळ मिळतो. पोट भरून खाल्लंत तर घाटात त्रास होईल. साधं पाणी ढोसण्यापेक्षा लिंबू-मीठ-साखरेचं घोट घोट घ्या. परतीला एसटीची जादा गाडी पकडा, पायी परतायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : घाटात सीताफळं आणि कागजीपुऱ्याचा हातकागद घ्यायचा आहे. फसवणूक कशी टाळावी? (लातूर)

कागजीपुरा दौलताबाद आणि खुलताबादच्या मधेच लागतो. इथला कागद तुघलकाच्या काळापासूनचा समजला जातो. चिंध्यांचा आणि रद्दीचा लगदा हौदात कालवायचा, साचा बुडवून वर काढायचा, पाणी गळलं की ओला ताव अलगद उतरवायचा, थर दाबून पाणी काढायचं, भिंतीला लावून वाळवायचा आणि मग घोटायचा. हे चालू असेल तर उभं राहून पाहाच. घेताना ताव उजेडासमोर धरा. साच्याच्या बारीक समांतर रेघा आणि कुठे कुठे अडकलेला धागा दिसला पाहिजे. कडा चारी बाजूंनी थोड्या भुरभुरीत हव्यात. शाईनं लिहायचं असेल तर घोटलेलाच मागा, न घोटलेल्यावर शाई पसरते.

सीताफळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. वजनापेक्षा डोळे पाहा. डोळे फुगून एकमेकांपासून सुटलेले आणि मधल्या खाचा पांढुरक्या-पिवळट झालेल्या असतील तर ते झाडावर भरलेलं फळ. दोन-तीन दिवसांत पिकेल. डोळे चपटे, एकमेकांना चिकटलेले आणि खाचाही हिरव्यागार असतील तर ते कोवळं तोडलेलं. ते पिकत नाही, काळं पडून दगडासारखं राहतं. टोपलीत वरचा थर छान लावलेला असतो, म्हणून खालचं एक काढून बघा. विकणाराही नाही म्हणत नाही. लातूरपर्यंतचा प्रवास आहे, तेव्हा पिकलेलं एकही घेऊ नका. कच्ची फळं कागदात एकेक गुंडाळून खोक्यात एकच थर ठेवा. घरी तांदळाच्या डब्यात किंवा पोत्याखाली पिकवा. पिकायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवली तर साल काळी पडते आणि गर कडक राहतो. बोटानं दाबून जरा मऊ लागलं की त्याच दिवशी खा.